अकोटहून उत्तरेकडे

अकोट हा कसबा वऱ्हाडच्या काळ्या मुलखाच्या अगदी काठावर वसलेला आहे. कापसाच्या गंजी, जिनांची छपरे, नरसिंग महाराजांच्या मंदिराचे शिखर आणि संत्र्यांनी भरलेले ट्रक मागे टाकून उत्तरेच्या सडकेला लागले, की क्षितिजभर पसरलेली सातपुड्याची निळसर भिंत डोळ्यांत भरते. आणि ही भिंत सपाट रानातून इतकी एकाएकी वर उठते की प्रथमच पाहणाऱ्याने जागच्या जागी थबकावे. भूगर्भशास्त्रज्ञ याचे कारण सांगतात ते असे : गाविलगडच्या रांगेच्या दक्षिण पायथ्याने पृथ्वीच्या पाठीवर एक प्राचीन भेग गेलेली आहे, त्या भेगेच्या उत्तरेकडील काळा पाषाण उंच राहिला, दक्षिणेकडील खचला, आणि खचलेल्या द्रोणात पूर्णा नदीने व तिच्या उपनद्यांनी युगानुयुगे आणून टाकलेला गाळ शेकडो फूट जाडीचा साचला. ज्या काळ्या जमिनीवर वऱ्हाडचा कापूस पिकतो, ती या गाळाची वरची साय होय.

अकोल्याहून अकोटास येणारा प्रवासी पाऊण-एक तासात निरनिराळ्या प्रकृतीच्या भूमी ओलांडून येतो, पण मोटारीच्या काचेआडून त्याला त्यांची जाणीव क्वचितच होते. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर खारपाणपट्टा आहे. तेथे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही आणि शेतास दिले तर जमीनच बिघडते. चैत्र-वैशाखात या पट्ट्यात उभे राहिले असता, भेगाळलेली काळी भुई, दूरवर एखादेच बाभळीचे झाड आणि तापलेल्या हवेत थरथरणारे क्षितिज पाहून, वाळवंट पाहण्यासाठी जैसलमेरपर्यंत जाण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न पडतो. अकोट मागे पडून डोंगराचा पायथा जवळ येऊ लागला की जमिनीत गोटे व मुरूम दिसू लागतात, विहिरींना गोडे पाणी लागते, संत्र्यामोसंब्यांच्या आणि केळीच्या बागा लागतात. आणि या बागांच्या कुंपणापलीकडे सागाचे जंगल सुरू होते.

अलीकडे अकोला, अमरावती, नागपूर या शहरांतील तरुण मंडळी मोठ्या चाकांच्या, चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाड्या घेऊन लडाख, स्पिती, कच्छचे रण असे दूरचे मुलूख पालथे घालतात. त्यांच्या धाडसाचे मला कौतुकच आहे. परंतु जो डोंगर त्यांच्या घरापासून काही तासांच्या वाटेवर आहे, त्या डोंगरातील आडवाटांनी त्यांच्यापैकी फारच थोडे गेलेले असतात. आणि जे जातात ते बहुधा परतवाड्याच्या डांबरी घाटाने चिखलदऱ्यास जाऊन, भीमकुंड व देवी पॉइंट पाहून, सायंकाळपर्यंत परततात. अकोटच्या बाजूच्या वाटा त्यामुळे अजून बऱ्याच अंशी अस्पर्शित राहिल्या आहेत. त्या पाहाव्यात, सावकाश पाहाव्यात, आणि त्यांतील काही जशा आहेत तशाच राहू द्याव्यात, काही मात्र विनाविलंब सुधाराव्यात, असे माझे निश्चित मत आहे. कोणत्या राहू द्यायच्या आणि कोणत्या सुधारायच्या, हा विवेक मात्र त्या वाटांवरून स्वतः गेल्याखेरीज होत नाही.

दुर्गम मुलखात यंत्रवाहन नेण्याची विद्या जगात फार जुनी नाही. 1922 च्या डिसेंबरात सित्रोएन कंपनीच्या मोटारी, मागच्या चाकांच्या जागी रबरी पट्टे लावून, सहाराचे वाळवंट ओलांडण्यास निघाल्या आणि पुढच्या महिन्यात तिंबक्तूस पोहोचल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने साध्या फोर्ड मोटारी लिबियाच्या वाळवंटात नेल्या. चाकांतील हवा कमी केली म्हणजे चाक पसरट होते, त्याचा भार अधिक जागेवर विभागला जातो व ते वाळूत रुतत नाही. आणि रुतलेच तर चाकाखाली लोखंडी पन्हळी पत्रे सरकवून गाडी बाहेर काढता येते, या गोष्टी त्याने व त्याच्या सोबत्यांनी अनुभवाने सिद्ध केल्या. वाळूच्या वहनाचे शास्त्र सांगणारा त्याचा ग्रंथ 1941 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास दुसऱ्या महायुद्धाच्या निकडीने अमेरिकेत जीप जन्मास आली, आणि युद्ध संपताच ती जगभरच्या शेतांत, खाणींत व जंगलांत शिरली. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपा जोडण्यास प्रारंभ केला. वनखाते, पाटबंधारे खाते, महसूल खाते या सर्वांच्या दिमतीस ती गाडी कशी आली आणि साहेबांच्या दौऱ्याचे ती कसे प्रतीक होऊन बसली, हे ज्यांचे बालपण तालुक्याच्या गावी गेले त्यांना सांगावयास नको. पुढे 1985 मध्ये मारुतीची जिप्सी आली. हलकी, उघडी, चढास चपळ अशी ही गाडी व्याघ्रप्रकल्पांच्या फाटकांवर इतकी रुळली की आज शहानूरच्या फाटकावर सफारीसाठी लोक गाडी मागत नाहीत, जिप्सी मागतात.

अकोटच्या बाजूच्या या वाटांवर आमच्या सोबत जे मिस्त्री होते, ते अकोटचेच. जुन्या जीपगाड्या उघडून जोडण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले आहे. त्यांची स्वतःची गाडी जुनी महिंद्र. तिच्या गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे आहेत. एक पुढच्या चाकांना ओढ देण्याचा, दुसरा गती घटवून जोर वाढविण्याचा. हा दुसरा दांडा मागे घेतला की इंजिन जोरात फिरत असूनही चाक माणसाच्या चालीने फिरते. दगडगोट्यांच्या चढणीवर गाडीस उडी मारू न देता एकेक दगड जोखत वर नेता येते, आणि उतारावर ब्रेकला पायही न लावता, केवळ इंजिनाच्या विरोधावर, ती खाली आणता येते. नवखा मनुष्य घाटाच्या उतारावर ब्रेक दाबून धरतो. चार-सहा वळणांत ब्रेक तापतात, जळकट वास येऊ लागतो, आणि नेमके सर्वांत अवघड वळणावर पाय निष्फळ होतो. मिस्त्रींचे म्हणणे असे, की ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरावे. आणि हा नियम त्यांनी आमच्यासमोर एकदाही मोडला नाही.

परंतु वऱ्हाडात गाडीची खरी कसोटी डोंगरात नसून डोंगराकडे जाणाऱ्या शेतरस्त्यावर असते, ही गोष्ट बाहेरच्या माणसास ठाऊक नसते. काळ्या मातीस पाणी लागले की ती फुगते आणि चिकटते. आश्विनातील एक अवेळी सर पडून गेल्यावर पायथ्याजवळच्या अशाच एका पांदणीत आमची गाडी शिरली. पहिल्या पन्नास पावलांत चाकांच्या खाचा बुजून त्यांचे गुळगुळीत लाटणे झाले. पुढच्या पन्नास पावलांत माती चाक आणि वरचा पत्रा यांच्या मधल्या पोकळीत चढून घट्ट बसली, आणि इंजिन ओरडत असता चाके फिरेनाशी झाली. चारही चाकांची ओढ तेथे कामास येत नाही, कारण फिरण्यास जागाच उरलेली नसते. मिस्त्रींनी इंजिन बंद केले, मागच्या फळीखालून खुरपे काढले आणि उकिडवे बसून एकेका चाकाभोवतीची माती, कणीक काढावी तशी, पापुद्र्यापापुद्र्याने काढण्यास आरंभ केला. शेजारच्या तुरीच्या शेतातून एक वृद्ध शेतकरी आपणहून आले. त्यांनी तुराट्यांचा एक भारा चाकांपुढे अंथरला आणि म्हणाले, "भाऊ, इथून गाडी बैलाचीच जाते, अन् तेही बैल शाहणा असन तं. तुमी धुऱ्याधुऱ्यानं घ्या, तिथं मुरूम हाये." त्यांच्या सांगण्याप्रमाणे धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेने गाडी घेतली तेव्हाच ती सुटली. बॅग्नोल्डचे लोखंडी पत्रे आणि या वृद्धाच्या तुराट्या यांत तत्त्वतः भेद नाही.

शहानूर हे गाव अकोटपासून सुमारे वीस किलोमीटरांवर, डोंगराच्या अगदी मांडीवर आहे. येथील फाटकावर नोंद करून, परवाना घेऊन, वाटाड्यास सोबत घेऊन नरनाळ्याच्या घाटास लागावे लागते. दस्तुराप्रमाणे नावगाव लिहून घेणारा तरुण आणि आमच्यासोबत आलेला वाटाड्या, दोघेही पायथ्याच्या गावांतलेच. जंगलाच्या उत्पन्नाचा काही अंश त्या गावांस मिळावा म्हणून केलेली ही व्यवस्था मला न्याय्य वाटते. घाटाचा रस्ता अरुंद आहे, वळणे तीव्र आहेत, आणि एका बाजूस बांबूंच्या बेटांनी भरलेली दरी सतत सोबत करते. माघाच्या अखेरीस येथे सागाची पाने वाळून रस्त्यावर पडलेली असतात आणि चाकांखाली त्यांचा इतका मोठा आवाज होतो की इंजिन बंद केल्याखेरीज पक्ष्याचा शब्द कानी येत नाही. म्हणून दर दोन-तीन वळणांवर आम्ही गाडी थांबवीत असू. अशाच एका विरामात वाटाड्याने बोटाने दाखविले तेव्हा, पानगळ झालेल्या सालईच्या फांदीवर, भरदिवसा बसलेला रानपिंगळा दृष्टीस पडला. हा लहानसा पिंगळा 1884 नंतर शंभराहून अधिक वर्षे कोणाही शास्त्रज्ञाच्या दृष्टीस पडला नव्हता. तो नामशेष झाला असे ठरत आले असता, 1997 च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो सातपुड्यातच, शहाद्याजवळ, पुन्हा गवसला, आणि पुढील पाहण्यांत मेळघाट हे त्याचे मोठे आश्रयस्थान ठरले.

नरनाळा हा एक किल्ला नसून तिहींचा समूह आहे. मधला नरनाळा, पूर्वेकडचा जाफराबाद आणि पश्चिमेकडचा तेलियागड. माथा नऊशे मीटरांहून उंच आहे आणि तटाची लांबी इतकी की एका दिवसात ती पायी फिरणे दुष्कर व्हावे. बहमनी सुलतान अहमदशाह वली याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अचलपुरास मुक्काम ठेवून गाविलगड उभारला आणि नरनाळ्याची डागडुजी केली, असे फिरिश्ता लिहितो. अकबराच्या अमलात वऱ्हाड सुभ्याच्या एका सरकाराचे नाव नरनाळा होते, म्हणजे आज ज्या गडावर मुक्कामास परवानगीही मिळत नाही, त्याच्या नावाने एकेकाळी परगण्यांचा वसूल दप्तरी जमा होत असे. येथील सर्वांत सुंदर वास्तू महाकाली दरवाजा. वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क, जो पुढे इमादशाहीचा संस्थापक झाला, त्याच्या काळी 1487 मध्ये हा बांधला गेला. दरवाज्याच्या दोन्ही अंगांस सज्जे, त्यांना दगडी जाळ्या, कमानीवर लेख आणि कमळे कोरलेली. दगड मात्र पांढरट वालुकाश्माचा. हा पाषाण या काळ्या डोंगरमाथ्यावर निपजणारा नव्हे. तो खालून चढवून आणला गेला असला पाहिजे. ज्या चढावर पेट्रोलच्या इंजिनास धाप लागते, त्या चढाने हे चिरे बैलांच्या आणि माणसांच्या खांद्यांवरून वर गेले. तटाजवळ पडलेली नऊगजी तोफ पाहतानाही तोच विचार मनात आला. दुर्गप्रेमींचे आवडते लेखक गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचा जन्म 1916 मध्ये येथून जवळच, परतवाड्यास झाला, हे येथे स्मरले. गड पायीच पाहावा असे मानणाऱ्या त्या पिढीपुढे मोटारीने नरनाळ्यावर येण्याचे समर्थन एवढेच करता येईल, की दरवाज्याशी गाडी सोडून उरलेला दिवस आम्ही पायी हिंडलो.

अवजड ओझी या डोंगरात चढविण्याचा सर्वांत मोठा प्रसंग मात्र नरनाळ्याचा नव्हे, शेजारच्या गाविलगडचा आहे, आणि त्याचा आरंभ अकोटजवळच्याच रानात झाला. अकोट-तेल्हारा वाटेवरील अडगावच्या मैदानात 29 नोव्हेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. भोसल्यांचे सेनापतिपद नागपूरचे राजे रघूजी यांचे बंधू व्यंकोजी यांच्याकडे होते. उरलेले सैन्य गाविलगडच्या आश्रयास गेले. गडाची दक्षिण बाजू कड्यांनी अभेद्य; मारा करायचा तर उत्तरेकडूनच, आणि उत्तरेस तोफा नेण्यास रस्ता नव्हता. तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने 7 डिसेंबर रोजी अचलपूर सोडले आणि साधारण तीस मैलांचा डोंगर, सैनिकांच्याच हातांनी रस्ता तोडीत व जड तोफा दोरांनी ओढीत, पाच दिवसांत पार करून 12 तारखेस लबाडा हे गाव गाठले. 15 डिसेंबर रोजी गड पडला आणि किल्लेदार बेनीसिंग लढत मेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. त्या तहात वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले, तरी नरनाळा आणि गाविलगड हे दोन गड लगतच्या मुलखासह भोसल्यांकडेच राहिले, आणि ते पुढे 1822 मध्ये निजामाकडे गेले. त्या पाच दिवसांत किती बैल दरीत कोसळले, याची नोंद विजेत्यांच्या कागदांत शोधण्यात अर्थ नाही. पण मेळघाटात अवजड वाहनासाठी खोदलेली एक आरंभीची वाट तोफेसाठी होती, ही गोष्ट त्या डोंगरात गाडी घालणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

नरनाळ्याची सफर ही सुव्यवस्थित सफर आहे. खरी दीर्घ वाट निघते ती पोपटखेडहून. पोपटखेडचा तलाव एका बाजूस सोडून फाटकातून आत गेले की खटकालीमार्गे उत्तरेस हरिसालपर्यंत जंगलाचा अंमल असतो. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. परदेशी नियतकालिकांतून रस्ता सोडून रानोमाळ धावणाऱ्या गाड्यांची चित्रे पाहून ज्यांचे मन भारले आहे, त्यांनी या वाटेस येऊ नये. मेळघाट 1974 मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला, देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक. आज गाभा आणि भोवतालचा पट्टा मिळून त्याचा विस्तार 2,700 चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. 1972 चा वन्यजीव कायदा सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्या वाटसरूस अभयारण्यातून जाऊ देतो. रस्त्याबाहेर चाक घालण्याची मुभा तो देत नाही, आणि देऊही नये. घरटे न बांधता भुईवरच घातलेली रातव्याची अंडी कोणत्या चाकाखाली येतील हे चालकास कधीच कळत नाही.

ही वाट पाण्याची विभाजक रेषा ओलांडते. खटकालीच्या दक्षिणेचे ओढे पठारावरून खाली धावत पूर्णेस मिळतात. उत्तरेचे ओढे सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्यांना आणि त्यांच्याद्वारे तापीस. माथ्यावर शेजारी शेजारी पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांपैकी एक अकोटच्या बाजूस गेला आणि दुसरा धारणीच्या, तरी लांबचा प्रवास करून ते दोघे जळगाव जिल्ह्यात चांगदेवास, पूर्णा-तापीच्या संगमावर, पुन्हा एकत्र येतात. प्रवासात असे एखादे ज्ञान सोबत असले म्हणजे ओढा ओलांडण्यासही निराळा रस येतो.

ओढ्यांवर येथे पूल थोडे, रपटे पुष्कळ. रपटा म्हणजे पात्राच्या तळाशीच बांधलेला फरसबंद सपाट पट्टा. उन्हाळ्यात त्यावरून धूळ उडते आणि पावसाळ्यात त्यावरून नदी वाहते. पाण्याचा जोर ओसरून गेलेल्या एका रपट्याशी मिस्त्रींनी गाडी थांबविली, खाली उतरले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि हातात काठी घेऊन पैलतीरापर्यंत चालत जाऊन परत आले. काठी ते दर पावलास दोन ठिकाणी टेकवीत होते, जेथून उजवे चाक जाणार तेथे आणि जेथून डावे जाणार तेथे. मध्यावर फरशीचा एक तुकडा वाहून गेलेला होता. वरून पाहता पाणी तेथेही तितकेच संथ आणि तितकेच गढूळ. "पाणी दिसते तसं नसते जी," एवढेच ते म्हणाले, आणि ती खाच टाळून, दांडा मागे ओढून, न थांबता, न वेग वाढविता, गाडी पलीकडे नेली. ही काठी त्यांच्या गाडीत कायमची असते.

याच वाटेने श्रावणातील तिसऱ्या सोमवारच्या सुमारास धारगडची यात्रा भरते. डोंगरातील कपारीत महादेवाचे स्थान आहे. त्याच्या दर्शनास अकोट, तेल्हारा व आसपासच्या तालुक्यांतून हजारो माणसे पोपटखेडच्या फाटकातून आत जातात, कावडी नाचवीत, पावसात भिजत, बरीचशी पायी. एरवी वनखात्याच्या बंदोबस्तात असलेला हा निबिड मुलूख त्या दिवशी भाविकांच्या स्वाधीन होतो. खात्याची चिंता मला समजते, आणि यात्रेकरूंची श्रद्धाही समजते. डोंगरावर हक्क कोणाचा, हा प्रश्न मेळघाटात तेवढ्यावर थांबत नाही.

कारण हा डोंगर प्रथम कोरकूंचा आहे. मुंडा भाषाकुळातील बोली बोलणारा हा समाज, शेजारी गोंड, निहाल आणि गवळी यांच्यासह, येथे शतकानुशतके राहत आला. चैत्रात पहाटेच्या अंधारात मोहाखालची जमीन झाडून स्वच्छ करून पडलेली फुले वेचणाऱ्या त्यांच्या बायका मी पाहिल्या आहेत. टोपली भरेपर्यंत त्या मान वर करीत नाहीत. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातील बोरी, कोहा आणि कुंड ही गावे पंचवीसएक वर्षांपूर्वी उठवून अकोटच्या बाजूस खालच्या सपाटीवर वसविण्यात आली. नंतर धारगड, गुल्लरघाट, केलपाणी, सोमठाणा, अमोणा, नागरतास, बारूखेडा अशी आणखी गावे खाली आली. गावे उठलेल्या जागी गवताची कुरणे झाली आणि तेथे सांबर व गवे चरू लागले, हे खरे. खाली आलेल्या कित्येक कुटुंबांना शेतीची जमीन, रोजगार व आरोग्यसेवा यांविषयी दिलेली आश्वासने पुरी झाली नाहीत असे वाटून ती पुन्हा डोंगरात परतली, आणि जानेवारी 2019 मध्ये वनकर्मचारी, पोलीस व ग्रामस्थ यांच्यात हिंसक संघर्ष झाला, हेही तितकेच खरे. ओस पडलेल्या गावठाणातून जाताना आमच्या वाटाड्याने एका चिंचेकडे बोट करून आपल्या आजोबांचे घर तिच्या पूर्वेस होते असे सांगितले. त्याने गाडी थांबवा असे म्हटले नाही, पण मिस्त्रींनी थांबविली.

हरिसालास वाट परतवाडा-धारणी रस्त्याला मिळते. तेथून बैरागडकडे वळलो तेव्हा डॉक्टर रवींद्र कोल्हे यांचे स्मरण होणे अपरिहार्य होते. 1980 नंतरच्या दशकात ते वैद्यकीय पदवी घेऊन बैरागडास राहण्यास गेले, तेव्हा शेवटचे सुमारे चाळीस किलोमीटर पायी तुडविल्यावाचून त्या गावी पोहोचता येत नसे, आणि विवाहाची बोलणी करताना हे चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी ही त्यांची एक अट होती. ती मान्य करून आलेल्या डॉक्टर स्मिता कोल्हे यांच्यासह 2019 मध्ये त्यांचा पद्मश्रीने गौरव झाला. त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी एक हकिकत नमूद केली आहे. राज्याचे बांधकाम मंत्री त्यांची झोपडी पाहून, तुम्हास चांगले घर बांधून देतो, असे म्हणाले असता स्मिताताईंनी घराऐवजी चांगले रस्ते मागितले. ज्या मेळघाटाचे नाव 1993 पासून कुपोषणाने मरणाऱ्या बालकांच्या संदर्भात वृत्तपत्रांतून सतत येत राहिले, तेथे रस्ता म्हणजे काय, याचे याहून थोडक्या शब्दांत उत्तर देता येणार नाही. आषाढात रपट्यावर पाणी चढले म्हणजे अडलेली बाळंतीण अलीकडच्या तीरावर आणि रुग्णवाहिका पलीकडच्या तीरावर, अशी स्थिती होते. आमच्यासारख्या हौशी प्रवाशास जो खड्डा आनंद देतो, तोच कोणाच्या तरी प्राणांवर बेततो. हे विसरून आडवाटेच्या सौंदर्याचे गोडवे गाणे मला अशोभनीय वाटते.

परतीस आम्ही धूळघाटाच्या बाजूचा रस्ता धरला. अकोला-खंडवा मीटरगेज लोहमार्ग 1960 च्या सुमारास पूर्ण झाला. तो अकोट, हिवरखेड, वान रोड असा येऊन मेळघाटात शिरत असे, आणि धूळघाटाजवळ चढण साधण्यासाठी रूळ वर्तुळाकार वळसा घेऊन स्वतःच्याच डोक्यावरून पुढे जात. भारतात असे वळसे अगदी विरळा. जयपूर आणि काचीगुडा यांना जोडणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच रुळांवरून जात असे, आणि तिच्या खिडकीत बसून ज्यांनी हा वळसा पाहिला त्यांना आपल्याच गाडीचा मार्ग खाली दिसल्याचे नवल अजून आठवते. 2017 च्या आरंभी अकोल्याकडील मीटरगेज गाडी बंद झाली. अकोल्याहून अकोटापर्यंत ब्रॉडगेज झाले आणि 2022 च्या नोव्हेंबरात त्यावर प्रवासी गाडी धावू लागली. पुढचा प्रश्न मात्र अडला, कारण जुन्या मार्गातील सुमारे चाळीस किलोमीटर व्याघ्रप्रकल्पातून जातात. वन्यजीवांचे कैवारी, न्यायालये आणि राज्य शासन यांच्या आग्रहाने प्रकल्पाबाहेरून, सोनाळा-जामोदच्या अंगाने वळसा घेणारा मार्ग पुढे आला. तो लांब आहे, पण त्या वाटेवरच्या बुलढाणा जिल्ह्यातील गावांना रेल्वे मिळेल आणि वाघांना त्यांचे रान मिळेल, म्हणून मला तो योग्य वाटतो.

वान नदीच्या खोऱ्यातून उतरताना वारीच्या मारुतीजवळ, भैरवगडच्या पायथ्याशी, हनुमान सागराचे पाणी दिसले. अकोट आणि तेल्हारा तालुक्यांची तहान बऱ्याच अंशी या डोंगरातून येणाऱ्या पाण्यावर भागते. मिस्त्रींनी तेथे चाकांतील हवा पुन्हा भरली; घाटातील खडीसाठी ती त्यांनी कमी केली होती, आणि डांबरी सडकेवर कमी हवेचे चाक तापते.

या प्रवासांनंतर अकोटातील काही जाणत्या मंडळींशी बोलताना जे मागणे माझ्या मनात स्थिर झाले ते असे. पोपटखेड-हरिसाल ही गाभ्यातून जाणारी वाट रुंद करू नये. तीवर चौपदरी तर सोडाच, दुपदरी रस्त्याचाही प्रस्ताव येऊ देऊ नये, रात्रीची वाहतूक बंदच ठेवावी, आणि डागडुजी करायची ती पावसाळ्याआधी, खडी-मुरुमाने, आहे त्याच रुंदीत करावी. याउलट धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, गाभ्याबाहेर जी कोरकू गावे आजही पावसाळ्यात तुटतात, त्यांच्या वाटेवरील रपट्यांच्या जागी उंच पूल व्हावेत, आणि ते यंदाच्या अंदाजपत्रकात व्हावेत. ज्यांच्याकडे मोठ्या चाकांच्या गाड्या आहेत त्यांनी कार्तिक ते फाल्गुन या काळात यावे, शहानूर किंवा पोपटखेडच्या फाटकावर रीतसर नोंद करावी, स्थानिक वाटाड्या घ्यावा व त्याला ठरलेल्या दराहून काही अधिक द्यावे. दोर, खुरपे, फावडे आणि पिण्याचे पाणी सोबत असावे. वेग ताशी वीस किलोमीटरांहून अधिक नसावा. आणि गाडीतील मागचे एक आसन सामानाने भरू नये. या वाटांवर एसटीची फेरी चुकलेले, तापलेले मूल घेऊन उभे असलेले, आठवड्याचा बाजार करून परतणारे कोणी ना कोणी हात दाखवतेच, आणि पुढचे गाव बहुधा आठ-दहा किलोमीटरांवर असते.